आधी कॅग्नी, मग बाकीचे
हॉलिवूडचे गुंडपट बघायचे असतील तर 'गॉडफादर' नंतर बघ. आधी १९३१चा 'द पब्लिक एनिमी' लाव, तोही हेडफोन घालून. बोलपट तेव्हा नुकते रुळत होते. गोळीबार, गाड्यांचे टायर, नायक जेम्स कॅग्नीचं ताडताड बोलणं, या आवाजांचीच नवलाई होती. नाश्त्याला बसल्या बसल्या तो बाईच्या तोंडावर अर्धं ग्रेपफ्रूट दाबतो. आपण दचकतो, चिडतो, तरी नजर त्याच्यावरून हटत नाही. सगळी गंमत तिथेच आहे.

मग १९३२चा 'स्कारफेस'. कुणी मरायच्या बेतात असलं की पडद्यावर कुठेतरी फुली दिसते. बोलिंगच्या प्रसंगात तर चक्क गुणांच्या कागदावर! शोधत बस. सुरुवातीच्या उपदेशाच्या पाट्यांकडे मात्र काणाडोळा कर, त्या सेन्सॉरची समजूत काढायला होत्या. १९३४पासून सिनेमात काय दाखवायचं याच्या नियमांची कडक अंमलबजावणी झाली आणि हा बेदरकारपणा ओसरला.