तळ्यावरचा तो पांढरा पक्षी हंस की क्रेन?

प्रश्न: ताई, नमस्कार. मागच्या रविवारी भाच्याला घेऊन करमळीच्या तळ्यावर गेलेले. काठाला गुडघाभर पाण्यात एक मोठा पांढराशुभ्र पक्षी उभा होता, मान ही एवढी लांब, चोच पिवळी, पाय काळे. भाचा आठवीत आहे, तो ओरडला, मामी स्वान बघ स्वान! मी म्हटलं स्वान नाही रे, क्रेन आहे ती, आम्हाला शाळेत क्रेन म्हणजे बगळा असंच शिकवलेलं. तासभर बघत बसलो, मग तो उडाला, उडताना मान आत ओढून घेतली आणि पलीकडच्या झाडाच्या शेंड्यावर जाऊन बसला. आमच्यात बरोबर कोण? आणि या दोघांत नेमका फरक काय?
– एक वाचक, डिचोली

उत्तर: तुम्ही इतकं नीट बघितलंय की उत्तर तुमच्या पत्रातच आलंय. तो मोठा बगळा. तुमचं मराठी बरोबर, इंग्रजी चुकलं, कारण बगळ्याला इंग्रजीत इग्रेट म्हणतात आणि क्रेन म्हणजे क्रौंच, सारस वगैरे मंडळी, ते कुटुंबच वेगळं. ही चूक तुमची एकटीची नाही, आपल्याकडे पिढ्यानपिढ्या बगळ्याला क्रेन शिकवत आलेत आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण रोज दिसणाऱ्या पक्ष्याचं नावच मुलांना चुकीचं कळतं.

आता हंस, म्हणजे भाच्याचा स्वान. हंस पाण्यात उभा राहत नाही, तो तरंगतो. पाय आखूड, बदकासारखे पडद्याचे आणि अंगाच्या मागच्या बाजूला, म्हणून जमिनीवर तो डुलत डुलत चालतो. वजन बघा, म्यूट स्वान जातीचा नर हंस सहज 10-12 किलोचा भरतो, त्यामुळे उडायचं म्हटलं की आधी पाण्यावरून पाय आपटत लांबपर्यंत धावावं लागतं. खाणं मुख्यतः पाणवनस्पती, मान बुडवून तळातलं ओढून काढायचं. आणि हे थंड मुलखातले पक्षी, भारतात उत्तरेकडे कधीतरी एखादा वाट चुकून येतो तेवढाच, गोव्यात नाहीत. सरस्वतीच्या फोटोत आपण ज्याला लहानपणापासून बघतो तो करमळीला भेटायचा नाही हे भाच्याला प्रेमाने सांगा.

क्रौंच उंच पायांचा, चिखलात, शेतात, उथळ पाण्यात चालत चालत कंद, दाणे, किडे वेचणारा. पांढराशुभ्र म्हणाल तर सैबेरियन क्रौंच, उंची साधारण 140 सेंटिमीटर, तोंडाला लाल कातडी, आणि पंखांची टोकं काळी पण ती उडाल्यावरच नीट दिसतात. हे दर हिवाळ्यात राजस्थानात भरतपूरला यायचे, 2001-02 च्या हिवाळ्यात शेवटची जोडी दिसली आणि नंतर कोणीच आलं नाही, हे लिहितानासुद्धा पोटात कालवतं. आपल्या शेजारी महाराष्ट्रात गोंदियाकडे सारस आहेत पण ते राखाडी, पांढरे नव्हेत.

हंस आणि क्रौंच दोघेही उडताना मान सरळ पुढे ताणतात. बगळा मात्र मान दुमडून खांद्यात घेतो, तुम्ही बघितलं तेच. दुसरं म्हणजे झाड. क्रौंचाचं मागचं बोट लहान आणि वर चढलेलं असतं, फांदी पकडताच येत नाही, त्यामुळे आफ्रिकेतले तुरेवाले क्रौंच सोडले तर कोणी झाडावर बसत नाही, आणि हंस तर नाहीच नाही. शेंड्यावर जाऊन बसला म्हटल्यावर विषयच संपला.

मोठा बगळा असतो जेमतेम किलोभराचा, सगळी उंची पायांत आणि मानेत. पुढच्या वेळी दुर्बीण असली तर तोंडाची रेघ बघा, चोचीच्या कोपऱ्यापासून निघून डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, मध्यम बगळ्याची डोळ्याखालीच थांबते. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, मानशीजवळ, म्हणजे पाणी आतबाहेर सोडायच्या दाराजवळ, जो छोटा बगळा दिसतो त्याची चोच काळी, पाय काळे पण बोटं पिवळीधमक, ती चिखलात थरथरवून मासळी उठवतो, पाच मिनिटं बघत उभं राहिलात तर हलणार नाही तुम्ही. आणि म्हशीच्या, ट्रॅक्टरच्या मागे फिरणारे ते गायबगळे, त्यांचं डोकं पावसाळ्याच्या सुमारास केशरी होतं.

भाच्याला जूनमध्ये परत घेऊन जा. तेव्हा ह्याच मोठ्या बगळ्याची पिवळी चोच काळी पडलेली असेल, डोळ्यापुढची कातडी हिरवट, पाठीवर जाळीसारखी नाजूक लांब पिसं, आणि तो म्हणेल मामी हा दुसराच पक्षी. तेव्हा तोंडाची रेघ दाखवा त्याला.