मकाऊत एकच दिवस आहे. गुइया टेकडीवरचं चॅपल (छोटं चर्च) पाहायला वर चढून जावं का?

जाच. फक्त बाहेरून फोटो काढून परत फिरू नका. मी तेच करणार होतो.

वर पोहोचलं की नजर आधी दीपस्तंभाकडे जाते. तो १८६५ चा, चीनच्या किनाऱ्यावरचा पाश्चात्त्य धर्तीचा पहिला. चॅपल त्याला खेटूनच, पण इतकं बुटकं आणि साधं की लक्षच जात नाही. जाड भिंती, वर चिनी पद्धतीची कौलं. १६२२ मध्ये डचांनी पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या मकाऊवर हल्ला केला. पोर्तुगीजांनी तो परतवला आणि या टेकडीवर किल्ला बांधायला घेतला, तो १६३८ मध्ये पुरा झाला. चॅपल त्याच किल्ल्यात, त्याच काळातलं.

खरी गंमत आत आहे. भिंतींवरची चित्रं कित्येक वर्षं चुन्याखाली गडप होती. १९९८ मध्ये डागडुजी करताना ती सापडली. (आपल्याकडे देवळांच्या दगडी खांबांना ऑइलपेंट फासतात, त्याची आठवण झाली.) रंग विटलेत, जागोजागी पोपडे गेलेत. डोळे अंधाराला सरावेपर्यंत दोन मिनिटं नुसतं उभं राहा. मग देवदूत दिसू लागतात, फुलं दिसतात आणि सिंह दिसतात. ते सिंह नीट पाहा. युरोपातले नाहीत, थेट चिनी देवळाच्या दारातले.

याला 'दोन संस्कृतींचा संगम' वगैरे म्हणतात. मला ते फार मोठं वाटतं. माझा अंदाज इतकाच, की रंगवणाऱ्याला सिंह काढ म्हणून सांगितलं आणि त्याने स्वतःला ठाऊक होता तो काढला. गोव्यातल्या काही जुन्या चर्चमध्ये लाकडी पुलपिटाला (प्रवचनाच्या उंच चौथऱ्याला) नागकन्या कोरलेल्या दिसतात, तिथेही असंच काही झालं असावं. नाही तरी १८४४ पर्यंत मकाऊचा कारभार गोव्याच्याच हाताखाली होता.

चढण फार नाही, तरी गुडघे कुरकुरत असतील तर फ्लोरा बागेतून छोटी केबल कार वर जाते. उंबऱ्यापाशी जमिनीत एक जुनी कबर आहे, पाय जपून टाका.

आत फोटो काढू देत नाहीत. त्यामुळे माझ्या मोबाइलमध्येही शेवटी दीपस्तंभच आहे, तेरा फोटो.