मोटरसायकलला डिजिटल व्होल्टमीटर लावायचा आहे. वायर कुठून घ्यावी? त्याने बॅटरी उतरेल का?

तुम्ही लिहिलंय की खारघरहून रोज ठाण्याला १५० सीसीच्या गाडीने येता, वर्षभरात दुसऱ्यांदा बॅटरी बसली, म्हणून हॅंडलवर छोटा व्होल्टमीटर लावायचा विचार आहे. पण तो मीटरच बॅटरी खाईल का, अशी भीती वाटते. मीटर जरूर लावा. मी चार वर्षांपूर्वी लावला. तेव्हा लावला नसता तर तिसऱ्या बॅटरीचे पैसे मोजले असते.

माझा रस्ता कळवा ते महापे. विटाव्याचा रेल्वे पूल, दिघा, ऐरोली आणि पुढे ठाणे-बेलापूर रोड. पावसाळ्यात विटाव्याच्या पुलाखाली पाणी साचतं, ते तुम्हालाही माहीत असेल. त्या वर्षी जुलैत सकाळी सेल्फ घेईना. गॅरेजवाल्याने बॅटरी बदलून दिली. तीन महिन्यांत तीही बसली, तेव्हा तो म्हणाला, ट्रॅफिकमध्ये गाडी चार्जच होत नाही, दुसरी टाका. मला ते पटलं नाही. रविवारी बसून मीटर लावला आणि सोमवारी रस्ताभर त्याच्यावर नजर ठेवली. घरून निघताना १२.५, दिघ्याला १२.३, ऐरोलीला १२.१. धावत्या गाडीत आकडा चढायला हवा, माझा उतरत होता. म्हणजे बॅटरीत काही येतच नव्हतं, जे होतं त्यातून फक्त खर्च चालला होता. संध्याकाळी सीट काढून आरआर युनिटचा (रेग्युलेटर-रेक्टिफायर, म्हणजे इंजिनवर तयार होणारी एसी वीज डीसी करून बेताच्या व्होल्टेजने बॅटरीला देणारा डबा) कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड, उघडला, तर बॅटरीकडे जाणाऱ्या लाल वायरची पिन काळी पडलेली आणि भोवतीचं प्लास्टिक वितळलेलं. नवा कपलर बसवला, गाडी सुरू केली, ॲक्सिलरेटर जरा पिळला आणि मीटरवर १४.१ आले. ‘गेलेली’ बॅटरी त्याच रात्री चार्जरवर लावल्यामुळे वाचली आणि पुढे अडीच वर्षं चालली.

आता तुमची भीती. मीटर बॅटरी खातो, पण थेट बॅटरीला जोडून कायम चालू ठेवला तरच. हे छोटे एलईडी मीटर साधारण २० मिलिअँपिअर घेतात. दिवसाला ते ०.४८ अँपिअर-अवर होतात, आणि तुमच्या गाडीची बॅटरी ५ अँपिअर-अवरच्या आसपासची असेल. म्हणजे गणपतीला दहा दिवस गावी जाऊन आलात की गाडी मेलेली मिळेल. म्हणून मीटरचा पॉझिटिव्ह चावीनंतरच्या लाइनवरून घ्यायचा. चावी बंद, मीटर बंद.

इथेच खरी गोम आहे आणि बहुतेक जण इथेच फसतात. चावीनंतरची लाइन बॅटरीपासून निघून फ्यूज, मग चावीचा स्विच, मग दोन-तीन कपलर असा प्रवास करून हेडलाइटच्या डूममध्ये, म्हणजे दिव्यामागच्या खोक्यात, पोचते. प्रत्येक जोडावर थोडं व्होल्टेज गळतं. हेडलाइट, ब्रेकलाइट, इंडिकेटर चालू असतील तर आणखी गळतं. माझ्या गाडीत हा फरक ०.४ व्होल्टचा होता. बॅटरीवर १२.६ असताना मीटर १२.२ दाखवायचा. १२.६ म्हणजे भरलेली बॅटरी आणि १२.२ म्हणजे अर्धी, तेव्हा एवढ्या फरकाने माणूस चांगली बॅटरी फेकून देऊ शकतो.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे तीन वायरींचा मीटर घ्या. त्यात एक वायर मीटर चालवायची, एक मोजायची आणि एक अर्थची. चालवायची चावीनंतरच्या लाइनला लावा, मोजायची थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हला न्या. मोजणाऱ्या वायरमधून नगण्य करंट जातो, त्यामुळे गळती जवळजवळ नाही आणि बॅटरीही उतरत नाही. अर्थही चॅसिसच्या गंजलेल्या नटावर न देता थेट बॅटरीच्या निगेटिव्हला द्या. दुसरा उपाय, मीटर दोन वायरींचाच असेल तर मधे एक रिले घालायचा, म्हणजे करंटने चालू-बंद होणारा स्विच. रिलेची कॉइल चावीच्या लाइनवर, मीटरचा पॉझिटिव्ह रिलेतून सरळ बॅटरीवर. माझ्या मते एका मीटरसाठी एवढा खटाटोप कशाला. तीन वायरींचाच घ्यावा. कुठल्याही पद्धतीत बॅटरीपासून निघणाऱ्या वायरवर, अगदी टर्मिनलजवळ, १ अँपिअरचा फ्यूज हवाच. हॅंडल वळताना वायर घासली, इन्सुलेशन गेलं आणि फ्यूज नसला, तर टाकीखाली वायर पेटते.

गाडी जुनी असेल तर आणखी एक खबरदारी. एप्रिल २०१७ आधीच्या बऱ्याच गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नसून थेट मॅग्नेट कॉइलच्या, म्हणजे इंजिनवर वीज तयार करणाऱ्या कॉइलच्या, एसी करंटवर चालते. त्या वायरला मीटर जोडला तर आकडे नाचत राहतील, कदाचित मीटरही जळेल. हॉर्न किंवा ब्रेकलाइटची लाइन पकडा, पण आधी मल्टिमीटर डीसीवर ठेवून तपासा. होंडाच्या गाड्यांत चावीनंतरची वायर काळी आणि अर्थ हिरवा असतो. दुसऱ्या कंपन्यांचे रंग वेगळे, म्हणून रंगावर विसंबू नका. चावी चालू केल्यावर १२ व्होल्ट यावेत आणि बंद केल्यावर शून्य, एवढंच बघा.

कंपनीची वायर कापू नका. इन्सुलेशन बोटाच्या पेराएवढं सोलून त्यावर नवी वायर गुंडाळा, सोल्डर करा, वर टेप मारा. दाबून बसवायच्या प्लास्टिकच्या क्लिपा मिळतात, त्या आपल्याकडच्या दमट हवेत वर्षभरात आतून हिरव्या पडतात. मीटरची मागची बाजू सिलिकॉनने बंद करा, पण व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं सिलिकॉन नको. त्यातलं आम्ल तांब्याचे ट्रॅक खातं. न्यूट्रल सिलिकॉन मागा. मीटर कुठे बसवायचा हे तुमच्या सोयीवर. रात्री डोळ्यांवर येऊ नये एवढं बघा.

लावल्यावर पहिलं काम म्हणजे बॅटरीच्या टर्मिनलवर मल्टिमीटर धरून दोन्ही आकडे ताडून पाहणं. स्वस्त मीटर ०.१ ते ०.२ व्होल्ट इकडेतिकडे असतात. काहींच्या पाठीवर बारीक स्क्रू असतो, तो फिरवून जुळवता येतं. नसला तर फरक लक्षात ठेवा.

मग वाचायला शिका. सकाळी गाडी सुरू करण्याआधीचा आकडा खरा, कारण चालवून आल्यावर लगेच बॅटरी असते त्याहून जास्त दाखवते. सकाळी १२.६ किंवा वर असेल तर उत्तम, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली असेल तर त्याच दिवशी चार्जरवर लावा, कारण शिशाची बॅटरी उतरलेली पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. सेल्फ मारताना आकडा क्षणभर १० च्या आसपास येतो, ते ठीक. ९.५ च्याही खाली जात असेल आणि आदल्या दिवशी चार्जिंग नीट झालं असेल, तर ती बॅटरी खरंच म्हातारी झाली आहे. धावत्या गाडीत १३.५ ते १४.५ हवं. तुर्भ्याच्या सिग्नलला ब्रेक दाबून उभे असताना १२.८ दिसलं म्हणून घाबरू नका, गाडी निघाली की चढतं. पण १५ च्या वर गेलं तर आरआर युनिट अडवायचं विसरलंय. ती बॅटरी उकळेल आणि बल्ब एकामागून एक जातील. तशी गाडी चालवू नका.

तुमच्या दोन बॅटऱ्या वर्षात बसल्या यावरून मला बॅटरीपेक्षा चार्जिंगचाच संशय आहे. चार हजार आरपीएमलाही मीटर १३ च्या वर जात नसेल तर सीट काढून आधी आरआर युनिटचा कपलर बघा. पिन काळी नसेल तर तो कपलर सोडवून मॅग्नेट कॉइलकडून येणाऱ्या तीन वायरी, बहुतेक गाड्यांत पिवळ्या, गाडी सुरू ठेवून दोन-दोन करून मल्टिमीटरच्या एसीवर मोजा. तिन्ही जोड्यांत सारखा आकडा आला आणि कुठलीही वायर बॉडीला लागत नसली तर कॉइल ठीक आहे, आरआर युनिट बदला. एका जोडीत कमी आला तर कॉइल. नवी बॅटरी हे सगळं झाल्यावरच घ्या.