व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज कंपनीलाही वाचता येत नाहीत, मग पोलिसांना चॅट मिळतात कसे? सर्व्हर परदेशात असले तरी?

बहुतेक वेळा फोनमधूनच मिळतात. तुमच्या नाहीतर समोरच्याच्या. एप्रिल २०१६ पासून सगळ्यांसाठी असलेलं एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे मेसेजला लागणारं कुलूप, त्याला वाटेत जपतं. दोन्ही टोकांना तो उघडलेलाच असतो, नाहीतर तुम्हाला वाचता कसा आला असता? फोन जप्त झाला, लॉक उघडलं की फॉरेन्सिक तपासणीत चॅटचा डेटाबेस निघतो. ग्रुपमधल्या ५० जणांपैकी एकाचाच फोन मिळाला तरी पुरतं.

दुसरी फट बॅकअपची, आणि ती बुजवणं तुमच्या हातात आहे. गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर जाणाऱ्या बॅकअपला हे कुलूप मुळात नव्हतं. २०२१ मध्ये सोय आली, तीही स्वतः चालू करावी लागते: सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप, तिथे एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप. पासवर्ड ठेवा किंवा ६४ अंकी ‘की’ (चावी) घ्या. ही की कागदावर उतरवून घरात ठेवा. तिचा स्क्रीनशॉट त्याच फोनमध्ये ठेवलात तर फोनबरोबर तीही जाते. फोन हरवला आणि पासवर्डही विसरलात, तर तो बॅकअप कंपनीलाही उघडता येत नाही. आयफोनवाले एका ठिकाणी फसतात: हे सगळं करूनही पूर्ण फोनचा आयक्लाउड बॅकअप चालूच राहतो, आणि त्यातून चॅटची बिनकुलपाची प्रत वर जाते. तो बंद करा. सहा अंकी टू-स्टेप पिन ही वेगळी गोष्ट आहे. तुमच्या नंबरवर दुसऱ्याने खातं उघडू नये यासाठी तो असतो, बॅकअपशी त्याचा संबंध नाही.

मजकूर नसला तरी कंपनीकडे बाकी बरंच असतं: खातं कधी उघडलं, शेवटचं कधी वापरलं, आयपी पत्ता, ग्रुपची माहिती. कोण कोणाशी जोडलेलं आहे हे एवढ्यावरूनही उलगडतं. लोक याकडे फार दुर्लक्ष करतात.

आता कायदा. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६९ खाली केंद्राचे किंवा राज्याचे गृहसचिव डिक्रिप्शनला, म्हणजे हे कुलूप उघडायला, मदत करण्याचा आदेश देऊ शकतात. नकार दिला तर ७ वर्षांपर्यंत कैद. पण ज्याच्याकडे चावीच नाही तो देणार काय? म्हणून याच कायद्याखालच्या २०२१ च्या नियमांत, नियम ४(२) मध्ये, मोठ्या मेसेजिंग कंपन्यांनी मेसेज मुळात कोणी पाठवला ते सांगावं असं आलं. व्हॉट्सअ‍ॅप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि एन्क्रिप्शन मोडायला लावलंत तर आम्ही भारतातून जाऊ, असं त्यांच्या वकिलांनी एप्रिल २०२४ मध्ये तिथे सांगितलं. या मुद्द्यावर मला कंपनीचं म्हणणं पटतं. उद्या कोणता मेसेज गुन्ह्यात निघेल हे आज कोणालाच माहीत नसतं, म्हणजे खूण प्रत्येकाच्या प्रत्येक मेसेजवर ठेवावी लागणार.

परदेशी सर्व्हरवरचा मजकूर, समजा ईमेल किंवा ड्राइव्हवरची फाइल, हवा असेल तर तपास अधिकाऱ्याच्या नुसत्या पत्राने सहसा भागत नाही. सायबर गुन्ह्यांवरच्या २००१ च्या बुडापेस्ट करारात भारत नाही. मसुदा ठरताना आपण तिथे नव्हतो, हा जुना आक्षेप. मग अमेरिकेशी २००१ मध्येच झालेल्या परस्पर कायदेशीर साहाय्य करारातून विनंती जाते, तिथल्या न्यायाधीशाचं वॉरंट लागतं, आणि महिने जातात. अमेरिकेच्या २०१८ च्या क्लाउड कायद्याखाली थेट मागणीची वाट ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाने करार करून मिळवली. भारताचा तसा करार नाही. संयुक्त राष्ट्रांनी २४ डिसेंबर २०२४ ला नवा सायबर गुन्हे करार स्वीकारला, पण तो लागू व्हायला ४० देशांची मान्यता लागते.

तुम्ही स्वतः फसवणुकीचे बळी असाल तर हा वेळ तुमच्याच विरुद्ध जातो. पोलिसांनी विनंती केली तर व्हॉट्सअ‍ॅप खात्याची नोंद ९० दिवस राखून ठेवतं, पण विनंती जाण्याआधी पुसलं गेलेलं परत येत नाही. त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, चॅट डिलीट करू नका, फोन रीसेट करू नका.