कोनफ्लॉवर उगवेना, पाखरं येतील का?

प्रश्न : ताई, मी अमळनेरची. यूट्यूबवर एका अमेरिकन बाईच्या बागेत जांभळं कोनफ्लॉवर बघितलं, त्यावर मधमाश्या काय, फुलपाखरं काय, आणि नंतर वाळलेल्या फुलावर एक पिवळी चिमणी बसून दाणे टिपतेय. मला राहवलं नाही, ऑनलाइन पाकीट मागवून मे महिन्यात कुंडीत पेरलं, एक पण उगवलं नाही. बी खोटं होतं का? सासूबाई म्हणतात झेंडू लाव आणि गप बस.

उत्तर : सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, त्यांचं अर्धं बरोबर आहे. बी खोटं असेलच असं नाही, पण मे मधे आपल्याकडे कुंडीच्या मातीत बोट घातलं तरी भाजतं, त्यात ते कसलं उगवणार. हे झाड मूळचं अमेरिकेच्या मध्य आणि पूर्व भागातलं, तिथे बी हिवाळाभर गारठ्यात ओलं पडून राहतं आणि थंडी सरली की उगवतं. म्हणून आपण फ्रीजमधे हिवाळा करायचा. ओलसर कोकोपीटमधे (नारळाच्या काथ्याचा भुसा) बी मिसळा, झिपच्या पिशवीत भरा आणि खालच्या कप्प्यात ४ आठवडे ठेवा (पिशवीवर नाव लिहा, आमच्याकडे यांनी मसाला समजून उघडली होती). हे सप्टेंबरात करा म्हणजे ऑक्टोबरात, ऊन जरा उतरल्यावर, पेरता येईल. अगदी वरवर पेरा, बोटाच्या पेराएवढं खोल नको. दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतात. फूल मात्र बहुतेक दुसऱ्या वर्षी, तेवढा धीर धरा.

आपली काळी माती याला मानवत नाही. पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि बुडखा सडतो. निम्मी माती, निम्म्यात बारीक मुरूम नाहीतर क्रश सँड, आणि शेणखत मूठभरच, जास्त खत दिलं की नुसतं उंच वाढून आडवं पडतं. उन्हाळ्यात दुपारची सावली लागतेच. माझी पहिली दोन रोपं जळगावच्या मे महिन्यात गच्चीवर गेली, तिसरं लिंबाच्या झाडाखाली ठेवलं ते टिकलं.

आता पाखरांचं. ती पिवळी चिमणी म्हणजे गोल्डफिंच, ती इकडे येणार नाही. पण गंमत ऐका, तिकडचे लोक तिच्यासाठी खास दाणा विकत आणून जाळीच्या नळीत टांगतात आणि तो दाणा म्हणजे आपले कारळे! चटणीचे कारळे हो, भारतातून आणि इथिओपियातून जातात. आपण मात्र तिच्या फुलासाठी पाकिटं मागवतोय. तर कोनफ्लॉवर हौस म्हणून एका कुंडीत ठेवा, आणि माश्यांसाठी, पाखरांसाठी जुलैत कुंपणाच्या कडेने मूठभर कच्चे कारळे फेका, भाजलेले नको. पाऊस सरता सरता पिवळी फुलं येतात आणि सकाळी सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाश्या अशा गुणगुणतात की चहा घेऊन तिथेच बसावंसं वाटतं. जोडीला बाजरीची चार-पाच ताटं येऊ द्या, कणसं काढू नका, चिमण्या आणि मनोल्या (मुनिया, चिमणीहून लहान पाखरं) हमखास येतात. आमची आजी कोपऱ्यातली कणसं तशीच सोडायची, म्हणायची, "पाखरंसले बी पोट शे ना!"

आणि झेंडूचं म्हणाल तर तो पण मेक्सिकोकडूनच आलाय, हे सासूबाईंना आत्ताच सांगू नका.

प्रश्न : भुसावळहून लिहितोय. माझं कोनफ्लॉवर दोन वर्षांचं आहे, फुलं वाळून काळी पडलीत. कापू का? घरचे म्हणतात कुंडी भकास दिसते.

उत्तर : भाऊ, निम्मी कापा निम्मी ठेवा. लवकर कापलं तर नवीन कळ्या येतात, आणि ठेवलं तर बी धरतं. एकदा ताजं फूल जवळून बघा. मधला बोंडा म्हणजे शेकडो बारीक फुलांचा गुच्छ, ती कडेकडून आत अशी एकेक फेरी उमलत जातात, म्हणून माशीला बरेच दिवस रोज काहीतरी मिळतं. भोवतीच्या जांभळ्या पाकळ्या नुसत्या बोलवायला. वाळल्यावर त्याच बोंड्यावर हात फिरवा, भांडी घासायच्या ब्रशसारखं टोचतं, याचं शास्त्रीय नाव इकिनेशिया पडलं ते साळूसारख्या काटेरी प्राण्याच्या ग्रीक नावावरूनच. त्या काट्यांच्या मधे करड्या रंगाचं टोकदार बी असतं, पुढच्या वर्षासाठी थोडं काढून ठेवा, बाकीचं राहू द्या. एखादी चिमणी बसली तर मला फोटो पाठवा, माझ्याकडे अजून एकदाही बसली नाही, खरं सांगते.

प्रश्न : शहाद्याच्या नर्सरीत डबल पाकळीचं, गोंड्यासारखं कोनफ्लॉवर आलंय, महाग आहे पण दिसतं भारी. माश्यांना चालेल ना?

उत्तर : नाही चालणार. गोंड्यात मधली बारीक फुलंच पाकळ्या होऊन बसतात, मग पराग आणि मध फारसा हाती लागत नाही, माशी येते, घुटमळते, जाते. साधं एकेरी घ्या, स्वस्त पण पडेल. आणि मावा (कोवळ्या शेंड्यांवरची बारीक रस शोषणारी कीड) दिसला तर लगेच फवारणीचा पंप काढू नका, आधी पाण्याची जोरात धार मारा, तरी राहिला तर निंबोळी अर्क, तोसुद्धा संध्याकाळी माश्या गेल्यावर.