लढतीआधी माईक नको

अरे, आखाड्याकडे निघालेल्या पैलवानासमोर माईक धरू नकोस. अंग तापलेलं असतं, नजर समोरच्या पैलवानावर खिळलेली असते. 'आज काय वाटतंय?' विचारलंस तर 'चांगलं वाटतंय' एवढंच ऐकायला मिळेल, वर त्याचं लक्ष उडेल ते वेगळंच. मजकूर हवाच असेल तर आदल्या दिवशी तालमीत जाऊन वस्तादांना गाठ.

ऑलिंपिकमध्येसुद्धा खेळाडू मिक्स्ड झोनमध्ये, म्हणजे पत्रकारांना भेटायच्या ठरलेल्या जागेत, पत्रकारांशी बोलतात ते स्पर्धा आटोपून बाहेर पडताना. २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकलं. त्या प्रकारात श्वास जरा चुकला तरी नेम हलतो. फायनलच्या तोंडावर त्याला बोलतं करून आपल्याला काय मिळालं असतं? प्रश्न लिहून ठेव, निकालानंतर विचार. आणि हरलेल्याला आधी दम खाऊ दे.