परजीवी माशीला ‘नवी प्रजाती’ म्हणण्याआधी

मधमाशीच्या शरीरातून अनोळखी फोरिड माशी (फोरिडी कुळातली बारीक माशी) निघाली, एवढ्यावरून ती नवी प्रजाती ठरत नाही. अपोसेफॅलस बोरिॲलिस ही उत्तर अमेरिकी माशी बंबलबीवरील परजीवी म्हणून आधीपासून माहीत होती. ती कॅलिफोर्नियातील मधमाश्यांवर आढळल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा यजमान, म्हणजे परजीवी ज्याच्या शरीरात वाढतो तो जीव, नवा निघाला, प्रजाती मात्र १९२४ मध्येच वर्णिलेली होती.

म्हणून प्रत्येक मेलेली मधमाशी वेगळ्या कुपीत ठेवावी. काही दिवसांनी तिचे डोके आणि छाती यांच्यामधून अळ्या बाहेर येतात, आणि कोणती माशी कोणत्या मधमाशीतून आली हे सिद्ध करायचे तर मधमाशी, रिकामा कोष व माशी या तिन्हींवर एकच क्रमांक हवा. डीएनएसाठी माशीचा एक पाय आधीच काढून ठेवावा. अपोसेफॅलस या वंशात (जवळच्या प्रजातींच्या गटात) रंगापेक्षा मादीच्या अंडनिक्षेपकाची, म्हणजे अंडी घालण्याच्या अवयवाची, रचना निर्णायक असते, तेव्हा त्याची रेखाचित्रे काढण्यात वेळ गेला तरी चालेल. माझ्या मते नव्या प्रजातीचे वर्णन करणाऱ्या निबंधाचा खरा कस तिथेच लागतो.

त्यानंतर जवळच्या प्रजातींचे मूळ नमुने पाहावेत, आणि वेगळेपण टिकले तरच होलोटाइप, म्हणजे नव्या प्रजातीचे नाव ज्याच्याशी जोडले जाते तो एकमेव नमुना, निश्चित करून तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे हे निबंधात स्पष्ट लिहावे. केवळ ऑनलाइन प्रसिद्ध होणाऱ्या निबंधाची झूबँक या प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या अधिकृत नोंदवहीतील नोंदणी प्रसिद्धीपूर्वीच झालेली असावी लागते.